मूक फेरी

अंडी घेऊन जिना चढत असताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचा फोन वाजला आणि नेहमीसारखा सगळा जिना दणाणला. फोनचा आवाज त्यानं दोन वर्षांपासून अगदी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. साधं ईमेल आलं तरी शाळा सुटल्यासारखी घंटा व्हायची. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी दोनदा गोडीत सांगून पाहिलं, एकदा रागावून, आणि मग नाद सोडला. त्यानं पिशवी कठड्यावर टेकवली, चष्मा कपाळावर चढवला आणि पत्र उघडलं. ‘दुपारचं घर’ हा गेम जिनं केला होता तिचं पत्र होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं त्या गेमचं परीक्षण लिहिलं होतं. परीक्षणं लिहिणं हाच त्याचा धंदा. मोठ्या कंपन्यांच्या गेमच्या वाटेला तो जात नसे. एकट्यादुकट्या माणसानं घरात बसून, तीन-चार वर्षं खपून केलेले छोटे गेम तो खेळायचा आणि ते कसे रचलेत, कुठे उभे राहतात, कुठे बसकण मारतात, ते एका साप्ताहिकात चौदा वर्षं लिहीत आला होता. परीक्षणावर चिडलेल्यांची पत्रं त्याला नवी नव्हती. शिव्या देणारी, रडणारी, घरातल्या दुखण्याखुपण्याची हकीकत सांगणारी, सगळी त्यानं पाहिली होती. हे पत्र चिडलेलं नव्हतं, हीच पंचाईत झाली.

‘नमस्कार,’ तिनं लिहिलं होतं. ‘तुमचं परीक्षण मी पुष्कळदा वाचलं. तक्रार नाही. एकच विचारायचं आहे. मागच्या खोलीतून येणाऱ्या हाका तुम्हाला जाणवल्या नाहीत का? तुमच्या लिहिण्यात त्यांचा उल्लेखच नाही, म्हणून विचारते. तुमच्यासारख्या माणसाच्या त्या लक्षात आल्या नसतील, तर माझंच चुकलं आहे. उद्या सकाळी नवी आवृत्ती बाहेर जाते. तिच्यात मी त्या दारावर एक बाण टाकणार आहे, हाक आली की लुकलुकणारा. मनाला पटत नाही, पण लोकांपर्यंत पोचायला तर हवं. आज संध्याकाळपर्यंत कळवलंत तर बरं होईल.’

हाका? कुठल्या हाका? त्यानं पत्र पुन्हा वाचलं आणि तिथंच पायरीवर बसला. बसताना पिशवी गुडघ्याखाली आली आणि आत काहीतरी करकरलं. परीक्षण त्याला जवळजवळ पाठ होतं. ‘रिकाम्या घराचं नेटकं चित्र’ असं मथळ्यात म्हटलं होतं त्यानं. सात दुपारी, एक घर, ते आवरून खोक्यांत भरायचं. भांडी कागदात गुंडाळायची, कपाटं रिकामी करायची, खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. काम हाताला गोड लागतं, पण घरात माणूस नाही, असं त्यानं लिहिलं होतं. मागच्या खोलीचं दार शेवटपर्यंत उघडत नाही आणि सातव्या दिवशी आपसूक उघडं सापडतं. आत एक रिकामी खाट आणि एक बंद खिडकी. या खाटेचं आधीच्या सहा दिवसांशी नातं काय? काहीच नाही. कर्तीला शेवट हवा होता म्हणून तिनं तो आणून ठेवला आहे. हे वाक्य लिहून झाल्यावर आपण खुर्चीत मागे रेललो होतो आणि स्वतःवर खूश झालो होतो, हेसुद्धा त्याला आता जिन्यात बसून आठवलं. आणि त्याच्याच खाली, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, ‘आवाजाचा वापर संयत आहे’ असं एक वाक्य होतं. ते वाक्य त्याच्या कानशिलाशी गरम होऊन उभं राहिलं. कारण आवाज त्यानं ऐकलाच नव्हता.

त्याच्या ओळखीच्या लोकांत त्याची मूक फेरी प्रसिद्ध होती. पहिल्यांदा गेम खेळायचा तो आवाज पूर्ण बंद ठेवून, दुसऱ्यांदा आवाजासकट, आणि मग लिहायला बसायचं. साप्ताहिकाच्या संपादकबाई त्याला त्यावरूनच मौनीबाबा म्हणायच्या. एका शिबिरात नव्या मुलामुलींसमोर त्यानं हे मोठ्या ऐटीनं मांडलंही होतं: संगीत लाच देतं, रडायचं कुठे आणि घाबरायचं कुठे ते कानात सांगतं, ती लाच काढून घ्या आणि मग पाहा, रचना आपल्या पायांवर उभी राहते का. सगळ्यांनी वह्यांत उतरवून घेतलं. बोलला त्यात खोटं काही नव्हतं. फक्त दुसरी फेरी गेल्या दोन वर्षांत एकदाही झाली नव्हती. टीव्हीच्या रिमोटवरचं आवाज घालवायचं बटण तो खेळायला बसताना दाबायचा, पान खाणारा माणूस चुना लावतो तितक्या सवयीनं, आणि ते पुन्हा दाबायची वेळ आली की त्याला काहीतरी दुसरं काम निघायचं. पाण्याची बाटली भरायची असे, बिल भरायचं असे, आणि अंक तर दर शुक्रवारी निघतच होता. मग तो लिहायचा की आवाज संयत आहे, किंवा पार्श्वसंगीत प्रसंगाला धरून आहे, किंवा संगीतापेक्षा शांततेवर भर आहे. ही वाक्यं कधी चुकत नाहीत. ती कुठल्याही गेमला बसतात, आणि आजवर कुणी त्याला हटकलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली. दोन अंडी फुटली होती. ती वाटीत काढून झाकून ठेवली, हात धुतले, टॉवेल नीट घडी करून टांगला. माणसाला नको असलेलं काम समोर दिसलं की तो किती टापटिपीचा होतो पाहा. अकरा वाजून गेले होते. संध्याकाळपर्यंत वेळ होता, आणि तसं पाहिलं तर गेम पुन्हा खेळायचीही गरज नव्हती. ‘हाका लक्षात आल्या, पण जागेअभावी उल्लेख राहून गेला,’ एवढी एक ओळ पुरली असती. ती मनात तयार झालीसुद्धा, तिच्यातल्या स्वल्पविरामासकट. पण मग ती बाई दारावर बाण टाकणार नाही का? कदाचित टाकेल, कदाचित नाही. त्याला ते सांगता येईना, कारण दारामागे काय आहे हेच त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर त्यानं आधीच सातशे शब्द लिहिले होते. ती चार वर्षं त्या घरात बसली होती. तिच्या हातून ते घर बिघडणार होतं, आणि ते याच्या शब्दावरून.

हेडफोन टेबलाच्या खालच्या खणात होते. दोन वर्षांत त्यांचं काळं आवरण सुटून चुरा झाला होता. बोटांना लागला, तसे त्यानं ते परत ठेवून दिले. टीव्ही लावला, गेम सुरू केला, रिमोट हातात घेतला. बटणावर अंगठा ठेवून तो किती वेळ बसला होता कोण जाणे. मग दाबलं. आधी काहीच घडलं नाही, आणि हळूहळू ते घर भरत आलं. फ्रिजची घरघर. छताच्या पंख्याचा एका फेरीत एकदा येणारा टक आवाज. शेजारी कुणीतरी बादलीत पाणी सोडत होतं. ज्याला त्यानं रिकामं घर म्हटलं होतं, त्यात दुपार नुसती गच्च भरलेली होती. त्यानं पहिली थाळी कागदात गुंडाळायला घेतली, कागदही वाजला, आणि तेवढ्यात घराच्या मागच्या बाजूनं आल्यासारखा, जरा लांबून, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. ‘कुणी आहे का तिकडे?’

तो उठला. कंट्रोलर सोफ्यावर टाकून, चपला न घालता, तो बोळकंडीतून चालत मागच्या खोलीपर्यंत गेला, दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि ‘आलो, आलो’ असं त्याच्या तोंडून मोठ्यानं निघालं. दार उघडल्यावर आत इस्त्रीचं टेबल होतं, मिटलेल्या दोन खुर्च्या होत्या, जुन्या यंत्रांची खोकी होती आणि भिंतीवर खाटेच्या डोक्याकडचा तेलकट डाग होता. बाबांची खाट गेल्यालाच दोन वर्षं झाली होती. तो दारात तसाच उभा राहिला. परत आला तेव्हा पडद्यावरची मागची खोली बंद होती. ढकलून पाहिली, उघडली नाही. हाक आल्यावर थोडाच वेळ ते दार उघडतं, हे त्याला पुढच्या खेपेला कळलं. म्हणजे या गेममधली पहिली हाक त्यानं घालवली ती दुसरीकडे ओ द्यायला गेल्यामुळे.

बाबांना झटका आला तेव्हा ताई दुसऱ्या शहरात संसारात अडकलेली, आणि हा एकटा, घरी बसून काम करणारा. ‘तू घरीच असतोस ना,’ असं सगळ्यांनी म्हटलं, डॉक्टरांनीही म्हटलं, आणि ते खरंच होतं. सकाळी एक बाई येऊन अंघोळ घालून जायची; बाकीचा दिवस बाबा मागच्या खोलीत आणि हा पुढच्या खोलीत, मध्ये बारा पावलांची बोळकंडी. डावी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, पण हाक स्पष्ट होती. ‘अरे, आहेस का?’ आता खेळणं हे ज्याचं काम आहे त्यानं कामाच्या वेळी काय करावं? कानावर हेडफोन असायचे. बारीक आवाजावर ठेवायचा तो, हाक ऐकू यावी म्हणून, आणि ती ऐकू यायचीही. ‘आलोच,’ तो ओरडून सांगायचा. हा एवढा भाग संपला की आलोच. मधे थांबलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं असे काही गेम असतात. पण सगळे तसे नसतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाच मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी तो जायचा. ‘काय हवं होतं, बाबा?’ बाबा म्हणायचे, ‘काही नाही. झालं.’ खिडकीतून आलेलं ऊन तोंडावरून आपलं आपण सरकून गेलेलं असे, किंवा तहान सोसून झालेली असे, आणि तो विचारायचा नाही की काय झालं. तिरसटपणा नव्हता त्याचा. रात्री दोनदा उठून कूस बदलून द्यायचा, नखं कापायचा, पेपर वाचून दाखवायचा. कुणी म्हणालं असतं की याचं बापावर प्रेम नाही, तर ताईनं त्याची जीभ हासडली असती.

तो खेळत राहिला. हाक आली की हातातली वस्तू ठेवून मागच्या खोलीत जात राहिला. खाटेवर एक म्हातारी होती. चेहरा पडद्यावर दिसत नव्हता, पांघरुणावरचे हात तेवढे दिसत. खिडकी उघड. किती वाजले? त्या निळ्या डब्यात बटणं होती, ती फेकू नकोस. आणि पुष्कळदा नुसतंच, ‘काही नाही गं, बघत होते आहेस का.’ चौदा वर्षांच्या सवयीनं तो वाट बघत होता, की आता याच्या बदल्यात गेम काहीतरी देणार. एखादी किल्ली, एखादी जुनी गोष्ट, निदान कामात सूट. काही मिळालं नाही. उलट प्रत्येक फेरीत वेळ जायचा, खोकी कमी भरायची, दिवसाअखेरीला काम अर्धवट राहायचं. सातव्या दिवशी त्यानं दार उघडलं तर खाट रिकामी. ती जाणारच होती. हाकेला ओ देण्या-न-देण्यानं त्यात काडीचा फरक पडत नव्हता. फरक एवढाच, की कुठली खिडकी तिला उघडी लागायची ते त्याला आता माहीत होतं, आणि त्यानं ती उघडली. मूक फेरीत ती खिडकी उघडते हेच त्याला कळलं नव्हतं. पंख्याचा आवाज मागे राहिला आणि बाहेरची रहदारी आत आली. किती नेमकं काम केलंय या बाईनं, असं त्याच्या मनात आलं.

इथं थांबला असता तर त्या दुपारी त्याचं एवढ्यावरच निभावलं असतं. पण धंद्याची खोड. एक वाट चालून झाली की दुसरी चालून पाहायची, काहीच केलं नाही तर रचना काय करते ते मोजायचं, हे त्यानं इतरांना शिकवलं होतं. त्यानं नव्यानं खेळ सुरू केला, मांडीवर वही घेतली आणि ठरवून मागच्या खोलीत जायचं नाही असं केलं. आवाज चालू ठेवून. हाक यायची, तो रेघ ओढायचा आणि थाळ्या गुंडाळत बसायचा. हे इतकं अवघड जाईल असं त्याला वाटलं नव्हतं; दोनदा त्याचा हात आपोआप तिकडे वळला आणि त्यानं तो ओढून आणला. पहिल्या दिवशी नऊ रेघा. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी चार झाल्या, तेव्हा त्याला वाटलं आपण एखादी चुकवली. चौथ्या दिवशी दोन, आणि त्याही अर्ध्या आवाजात. पाचव्या दिवशी एकच, ‘कुणी आहे’ एवढंच, पुढचं तिनं गिळलं. सहाव्या दिवशी एकही नाही. फ्रिज, पंखा, बादली, सगळं होतं. खोकी भराभर भरत होती, हाताला लय सापडली होती, दिवसाचं काम पहिल्यांदाच वेळेआधी पुरं झालं, आणि त्याला बरं वाटलं. अगदी खरोखर हलकं, मोकळं, आता जरा काम होतंय असं बरं वाटलं.

त्या बरं वाटण्याला त्यानं ओळखलं. ते त्याच्या ओळखीचं होतं, ते याच खोलीत, याच सोफ्यावर त्याला एकदा वाटलं होतं. बाबांच्या दुखण्याचं दुसरं वर्ष होतं. त्यानं ताईला फोन केला होता, आणि आपण काय बोललो ते शब्द त्याला आता लख्ख ऐकू आले. ‘बाबा आता बरेच शांत असतात गं. हाकाही कमी झाल्यात. डॉक्टर म्हणाले होते तशी सुधारणा दिसतेय.’ ताई पलीकडे जरा थांबली होती, मग ‘हो का, बरं झालं’ म्हणाली होती. त्यानंतर तीन महिन्यांनी, एका गुरुवारी, साडेचार वाजता तो गळ्यात हेडफोन अडकवून चहा टाकायला उठला. दोन कप घेऊन मागच्या खोलीत गेला. डॉक्टर म्हणाले, दोनच्या सुमारास गेले असावेत. आलेल्या प्रत्येकाला त्यानं एकच सांगितलं, ‘त्यांनी हाकच मारली नाही.’ सांगताना त्याचं त्यालाच खात्रीचं वाटत नव्हतं. मारली असेल, आपल्या कानावर खोटी वादळं आणि खोट्या नद्या होत्या, त्यात विरून गेली असेल, ही भीती त्याला त्या दिवसापासून चिकटली, आणि म्हणून हेडफोन खणात गेले, रिमोटचं बटण दाबलं जाऊ लागलं, फोन जिना दणाणेल इतका मोठा झाला. दोन वर्षं तो त्या एका हाकेच्या धाकानं जगला. आज वहीतल्या नऊ, सहा, चार, दोन, एक या रेघांकडे बघताना त्याला कळलं की ती हाक आलीच नव्हती. त्यानं लोकांना खरं तेच सांगितलं होतं. बाबांनी हाक मारायचं कधीच सोडून दिलं होतं, आणि ते सुटायला त्याचं सगळं ‘आलोच’ कारणीभूत झालं होतं. आपल्याला ऐकू आलं नाही, याची भीती परवडली असती.

तीन वाजता त्यानं संपादकबाईंना फोन लावला. झालं ते सांगितलं. बाबांचं नाही, गेमचं. बाई शहाण्या होत्या, वीस वर्षं अंक चालवत होत्या, आणि त्यांचा याच्यावर जीव होता. ‘एवढंच ना?’ त्या म्हणाल्या. ‘मौनीबाबा, दोन परिच्छेद बदलून दे, मी आत्ता टाकते. तारीख तीच राहू दे. कुणाच्या बापाला कळणार नाही.’

बाईंना आपण काय बोललो ते उमगलं की काय, त्यांचा सूर जरा खाली आला. ‘हे बघ, तू आवाज न ऐकता लिहिलंस असं छापलं, तर लोक मागची दोन वर्षं उकरून काढतील. तुझी पद्धत आहे म्हणून तर तुला वाचतात.’

‘उकरू देत,’ तो म्हणाला. ‘त्यातलीही बरीच तशीच आहेत.’

‘किती?’

‘सगळी.’

फोनवर बाईंच्या खुर्चीचा करकर आवाज आला. मग त्या म्हणाल्या, ‘लिही. मी वाचते आणि मग ठरवते. मला आत्ता तुझ्याशी बोलवत नाही.’ त्यांनी फोन ठेवला, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

पत्र आधी लिहिलं. ‘बाण टाकू नका. हाका मला ऐकू आल्या नाहीत, कारण मी आवाज बंद ठेवून खेळलो. दोष तुमच्या रचनेचा नाही. ज्यांना खरोखर ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तुम्ही दारावरचा पडदा हलायची सोय करून ठेवली आहे, तीही मला आज सेटिंगमध्ये सापडली. मला ती सोय लागत नव्हती, मला ऐकायचं नव्हतं. बाण आला की माणूस बाणासाठी जाईल. आज माणूस हाकेसाठी जातो, किंवा जात नाही. ते तसंच राहू द्या.’ दोनदा वाचून त्यानं पाठवून दिलं. मग खुलासा लिहायला घेतला. ‘मी हा गेम ऐकला नाही’ असं पहिलं वाक्य झालं. गेली दोन वर्षं आपण कुठलाच गेम ऐकलेला नाही, हेही लिहिलं. का, ते लिहायचं की नाही यावर तो तासभर अडला. कारण दिलं तर लोक हळहळतील, माफ करतील, आणि ती माफी चोरल्यासारखी होईल. न दिलं तर आळशी ठरेल, आणि ते तरी कुठे खरं होतं. शेवटी त्यानं चारच ओळी लिहिल्या: घरात आजारी माणूस होतं, ते हाका मारायचं, मी येतो म्हणायचो आणि जायचो नाही, पुढे हाका थांबल्या, आणि त्याला मी सुधारणा म्हटलं, हा गेम जे सात दुपारींत दाखवतो ते मला सव्वादोन वर्षांत दिसलं नव्हतं. या चार ओळी ताईनं छापील वाचण्याआधी तिच्या कानावर घालायला हव्या होत्या. बाबा तिचेही होते.

ताईनं फोन उचलला तेव्हा पाच वाजले होते. ‘बोल रे,’ ती म्हणाली, ‘आज इकडे कशी वाट चुकली?’ त्यानं ‘काही वाचून दाखवायचंय’ म्हटलं आणि वाचलं, मधे न थांबता, गेमचं आणि बाबांचं सगळं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, ‘मला माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

‘मी रविवारी बाबांच्या कानाला फोन लावायला सांगायचे ना तुला, आणि तू चहा करायला जायचास. तेव्हा त्यांनी सांगितलं होतं मला. म्हणाले, मी आता हाक मारत नाही. मी हाक मारली की तो आलोच म्हणतो, आणि त्याला येता येत नाही. माझ्यामुळे पोराला दिवसातून दहादा खोटं बोलायला लागतं.’

समोर टीव्हीवर दुपारचं घर तसंच चालू होतं. पंखा एका फेरीत एकदा टक करत होता. ‘मग मला सांगितलं का नाहीस?’ त्यानं विचारलं.

‘सांगून काय करणार होते? मी चारशे किलोमीटरवर. तुला ओरडायचा मला काय अधिकार होता? तू होतास तरी तिथं. तू म्हणालास ना सुधारणा आहे, तेव्हा मीही ते मानून टाकलं. सोयीचं होतं मला. ते नाही घातलंस तुझ्या खुलाशात.’

‘तुझं मी कसं घालू?’

‘नको घालूस. पण आहे ते.’

आतून कुणीतरी ताईला हाक मारली. तिच्या सासूबाई, वय झालेलं, आवाज पातळ, फोनवरून शब्द कळले नाहीत. ‘थांब हं,’ ताई म्हणाली, आणि आत वळून, ‘आले.’ फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग तिची पावलं, सपातांची, फरशीवरून लांब जाणारी. एक दार. त्यानं फोन कानाला घट्ट धरला. लांबून दोघींचं काहीबाही बोलणं, खिडकीची कडी, थोडं हसू. पावलं परत आली.

‘काय हवं होतं?’ त्यानं विचारलं.

‘काही नाही रे,’ ताई म्हणाली. ‘मी आहे का बघत होत्या.’